फिटच्या गोळीची गुंगी आणि ती थांबवण्याचा मोह

क्लोनाझेपाम सुरू झाल्यानंतरचे पहिले आठ-दहा दिवस मला अर्धवट झोपेत काढल्यासारखे आठवतात. पापण्या जड, जीभ किंचित अडखळणारी, आणि जिना उतरताना कठडा धरल्याशिवाय पाऊल टाकवत नसे. फिट येणे कमी झाले होते हे खरे. परंतु अशा अवस्थेत मनात पहिला विचार येतो तो गोळी अर्धी करण्याचा, आणि नेमका तोच विचार कृतीत आणू नका, असे डॉक्टरांनी मला बजावून ठेवले होते.

त्यामागचे कारण समजल्यावर माझी चिडचिड बरीच कमी झाली. हे औषध बेंझोडायझेपिन गटातले आहे. मेंदूतील पेशींची उत्तेजना आवरणाऱ्या गाबा या रसायनाचा परिणाम ते वाढवते. फिट थोपते ती त्याच क्रियेमुळे आणि डोळ्यांवर झापड येते तीही त्याच क्रियेमुळे. शरीरातील औषधाचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ३० ते ४० तास लागतात. म्हणून रोज घेतलेल्या गोळ्यांचा परिणाम साठत जाऊन स्थिर व्हायला आठवडाभर तरी जातो, आणि पहिल्या दिवसांतील सुस्ती पुष्कळांना पुढे कमी जाणवते. ती कमी झाली नाही, तर मात्रा किंवा वेळ बदलणे हे डॉक्टरांचे काम आहे.

औषध ओसरण्याचा हाच संथपणा मला एकदा फसवून गेला. प्रवासात गोळ्यांची पट्टी मागे राहिली आणि दोन दिवस औषध चुकले. त्या दोन दिवसांत मला इतके मोकळे, इतके ताजेतवाने वाटले की आता या औषधाची गरजच उरलेली नाही, असे मी स्वतःला जवळजवळ पटवून दिले होते. तिसऱ्या दिवशी हातांना कंप सुटला, रात्रभर डोळा लागला नाही आणि साध्या आवाजानेही दचकायला होऊ लागले. पहिल्या दोन दिवसांचा तो हलकेपणा म्हणजे जुने औषध हळूहळू ओसरत होते, एवढेच. मेंदूला ज्या आवरणाची सवय झाली होती, ते निघून गेल्याचा परिणाम उशिराने दिसला. हे औषध अचानक थांबवले, तर एकामागून एक न थांबणाऱ्या फिट येऊन जिवावर बेतू शकते. मी त्या रात्रीच डॉक्टरांना फोन केला आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे पुन्हा सुरुवात केली. एखादी गोळी घ्यायची राहिली, तर आठवेल तेव्हा घ्यावी, परंतु पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्यावी. भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नयेत.

दुसरा धोका बाहेरून येतो. मद्य, ट्रामाडोल किंवा कोडीनसारखी ओपिऑइड गटातील वेदनाशामके व खोकल्याची औषधे यांच्याबरोबर ही गोळी पडली, तर श्वास मंदावू शकतो. म्हणूनच २०१६ साली अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने बेंझोडायझेपिन आणि ओपिऑइड या दोन्ही गटांच्या एकत्रित वापराविषयी ठळक इशारा छापणे बंधनकारक केले. सर्दीच्या साध्या गोळ्यांमधील काही घटकांनीही गुंगी वाढते, त्यामुळे 'मी क्लोनाझेपाम घेते' हे दुकानात आधी सांगते. औषध हातात पडल्यावर नाव आणि आकडा दोन्ही वाचते, कारण क्लोबाझाम व क्लोनिडिन ही दुसऱ्या औषधांची नावे सहज गोंधळात टाकतात, आणि ०.५ मिलिग्रॅममधील बिंदू नजरेतून निसटला की फरक दहा पटींचा होतो.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. घरातील कोणालाही झोप लागली नाही की 'तुझ्यातली एक दे' असे सहज म्हटले जाते. मी देत नाही, आणि त्यावरून आलेला रुसवाही सहन करते. ज्येष्ठ माणसांमध्ये या गोळीने तोल जाऊन पडण्याची भीती मोठी असते, आणि झोपेत श्वास अडणाऱ्या व्यक्तीला तर ती फारच घातक ठरू शकते. वाहन मी अजून चालवत नाही. घरच्यांना मात्र दोन प्रसंग नीट सांगून ठेवले आहेत: फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, किंवा हलवूनही मी जागी होत नसेन व श्वास संथ झाला असेल, तर तत्काळ रुग्णालय गाठायचे.

काही रुग्णांमध्ये पहिल्या काही महिन्यांतच या औषधाचा फिट रोखण्याचा परिणाम ओसरू लागतो, म्हणून मी वहीत रोजची गोळी, झोप आणि फिटची नोंद ठेवते. पुढच्या भेटीत ती वही पाहूनच मात्रा पाव मिलिग्रॅमने कमी करायची की नाही, हे डॉक्टर ठरवणार आहेत. तोवर रात्री नऊची गोळी नऊलाच घेते.