तोरणमाळचा घाट, काळी माती आणि पेडलचा प्रश्न

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याहून सायकलने तोरणमाळच्या पठारावर निघायचे म्हटले की टायर, गिअर, पाणी आणि पंक्चरचे सामान यांची चर्चा भरपूर होते, पण पेडलविषयी फारसे कोणी विचारत नाही. माउंटन बाइकवर खडकाळ उतार सुरू झाला की स्वार बैठकीवरून उठतो, आणि मग सायकलशी त्याचा संबंध केवळ हातांनी आणि पायांनी उरतो. त्यामुळे पाय कशावर आणि कसा टेकलेला आहे, हा प्रश्न मला टायरच्या नक्षीइतकाच महत्त्वाचा वाटतो. या खेपेला मी आणि माझा धाकटा मावसभाऊ आश्विनाच्या सुरुवातीला निघालो तेव्हा हाच प्रश्न डोक्यात होता. तो क्लिपलेस पेडलांचा कट्टर पक्षधर आहे. मी दोन्ही प्रकारची पेडले आणि दोन्ही प्रकारचे बूट घेतले होते. मामांची जीप सामान घेऊन मागाहून वर येणार होती, म्हणून हे लाड परवडले.

ज्यांना हा भेद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सपाट पेडल म्हणजे रुंद पसरट पाट, ज्यावर धातूच्या बारीक खुंट्या उभ्या असतात आणि त्या बुटाच्या मऊ रबरात रुततात. क्लिपलेस पेडलात बुटाच्या तळाशी बसवलेली धातूची क्लीट स्प्रिंगच्या पकडीत खटकन अडकते. सुटण्यासाठी टाच बाहेरच्या बाजूला वळवावी लागते. ही युक्ती स्कीइंगच्या बुटांवरून आली. लूक या फ्रेंच कंपनीने १९८४ साली ती रस्त्यावरच्या सायकलींसाठी बाजारात आणली आणि १९८५ची टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत बर्नार इनो याने अशाच पेडलांवर जिंकली. मात्र त्या मोठ्या क्लीटवर चालणे म्हणजे कसरतच होती. शिमानो या जपानी कंपनीने १९९० साली एसपीडी हा प्रकार आणला, त्यात क्लीट लहान झाली आणि बुटाच्या तळातल्या खाचेत बसली, त्यामुळे स्वाराला उतरून चालता येऊ लागले. डोंगरातल्या सायकलिंगसाठी हा फरक निर्णायक ठरला. परंतु हीच खाच आमच्याकडच्या मातीत काय करते, ते पुढे येईलच.

शहादा ते तोरणमाळ हे अंतर ५०-५५ किलोमीटर आहे. म्हसावदपर्यंत आणि त्याच्याही पुढे रस्ता ऊस, केळी, पपई आणि कापसाच्या शिवारातून जवळजवळ सपाट जातो. राणीपूर मागे पडल्यावर सातपुडा अंगावर येतो. तोरणमाळचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे पायथ्याच्या शिवारापासून हजार मीटरच्या आसपास चढावे लागते आणि त्यातला मोठा भाग सातपायरी घाटाच्या वळणांत एकवटलेला आहे. हा टप्पा मी क्लिपलेसवर केला आणि त्याची तारीफ केली पाहिजे. डांबरी चढावर तासन् तास एका लयीत पाय फिरवायचे असतात, आणि पाय एकदा योग्य जागी अडकला की त्याच्याकडे पुन्हा लक्ष द्यावे लागत नाही. थकवा आल्यावर सपाट पेडलावर पाऊल हळूहळू सरकते, मग ते उचलून परत नीट ठेवावे लागते. क्लिपलेसमध्ये हा खटाटोप उरत नाही. एखाद्या वळणावर बैठकीवरून उठून जोर लावतानाही पाय निसटेल ही धास्ती राहत नाही.

मावसभाऊ मात्र याचे श्रेय भलत्याच गोष्टीला देतो. "दादा, खालून वर ओढता येतं, म्हणून जोर दुप्पट," असे तो पहिल्याच वळणावर म्हणाला. हा समज सायकलस्वारांत फार पसरलेला आहे, पण मला तो पटत नाही. स्नायूंचा खरा जोर पाय खाली दाबतानाच लागतो; वर येणारा पाय फार तर स्वतःचे ओझे दुसऱ्या पायावर पडू देत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वारांना मुद्दाम पाय वर ओढायला सांगितले गेले, तेव्हा पेडलवरचा जोर अधिक सुबकपणे वाटला गेला खरा, पण तेवढ्याच कामासाठी शरीराचा ऊर्जाखर्च मात्र वाढला. थोडा वेळ जीव खाऊन वेग घेताना ओढण्याचा उपयोग होत असेल; तोरणमाळच्या घाटात जीव खाऊन वेग घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. क्लिपलेसचा चढावरचा फायदा माझ्या मते स्थिरतेचा आहे. तो खराच आहे, आणि त्याला चमत्काराची जोड देण्याची गरज नाही.

घाटात खच्चून भरलेल्या, टपावरही माणसे बसलेल्या जीपगाड्या येतात आणि अरुंद वळणावर सायकलस्वाराला कडेला थांबण्यावाचून गत्यंतर नसते. तेथे पाय वेळेवर सुटला पाहिजे. नवख्या माणसाने पकडीचा स्क्रू अगदी सैल ठेवावा आणि शिमानोची ५६ क्रमांकाची क्लीट लावावी, कारण ती अनेक दिशांना पाय फिरवला तरी सुटते. पेडलांबरोबर सहसा मिळणारी ५१ क्रमांकाची क्लीट टाच बाजूला वळवल्यावरच सुटते, आणि घाबरलेला माणूस पाय बाजूला न वळवता सरळ वर उपसतो. आणखी एक गोष्ट म्हणजे क्लीटचा कोन. एसपीडीमध्ये पावलाला साधारण ४ अंशांचीच मोकळीक असते. क्लीट जरा तिरकी बसली तर लांबच्या चढावर त्याचा जाब गुडघा विचारतो.

पठारावर पोहोचल्यावर यशवंत तलावाच्या काठी मी पेडले बदलली. बदलताना एवढे लक्षात ठेवावे की डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात. ते सुटत नाही म्हणून आणखी जोर लावला तर ते आणखी आवळले जाते. पंधरा नंबरचा पाना किंवा ॲलन की आणि आट्यांना लावायला थोडे ग्रीस, एवढ्यावर हे काम भागते.

पुढचा सगळा वेळ पठारावरून पाड्यांकडे उतरणाऱ्या पायवाटांवर गेला. सागाची पाने पडलेली, मधूनच काळ्या बेसॉल्टच्या पायऱ्या, आणि आश्विनातही पाण्याने वाहणारे ओहोळ. अशा वाटेवर सायकल किती वेगाने जाते यापेक्षा पाय किती वेळा खाली टेकवावा लागतो हे महत्त्वाचे असते. येथे सपाट पेडलांनी मला मोकळे केले. एखादी दगडी पायरी आवाक्याबाहेरची वाटली तर पाऊल टेकवायचे, पुन्हा ठेवायचे आणि पुढे जायचे. चढाच्या मध्यावर थांबलो तरी क्लीट अडकवण्यासाठी पेडल चाचपडत बसावे लागत नाही. मावसभाऊ अशाच एका चढावर अर्धा पाय अडकलेला, अर्धा सुटलेला अशा अवस्थेत सायकल ढकलत बराच पुढे गेला, पण मत बदलायला तयार झाला नाही.

सपाट पेडल शिकवतेही पुष्कळ. क्लिपलेसवर मागचे चाक उचलायचे झाले तर पायांनी सरळ वर ओढले की काम होते. सपाट पेडलावर मात्र पंजा खाली झुकवून पेडलाला मागे रेटावे लागते आणि त्याच वेळी शरीराचा भार पुढे न्यावा लागतो. उतारावर टाचा खाली सोडाव्या लागतात, म्हणजे हादऱ्यांनी पाय उडण्याऐवजी पेडलात अधिक घट्ट रुततो. पाऊलही थोडे पुढे, म्हणजे पेडलाचा दांडा चवड्याऐवजी तळव्याच्या मध्याकडे येईल असे ठेवावे. हे नीट जमले तर पाय निसटण्याची तक्रार बरीचशी संपते. सॅम हिल या ऑस्ट्रेलियन स्वाराने डाउनहिलची, म्हणजे उतारावरच्या शर्यतीची, जागतिक अजिंक्यपदे आणि पुढे २०१७ ते २०१९ अशी सलग तीन वर्षे एंड्युरो वर्ल्ड सिरीज ही डोंगरी शर्यतमालिका सपाट पेडलांवर जिंकली, तीही क्लिपलेस वापरणाऱ्यांच्या गर्दीत. अर्थात तो सॅम हिल आहे. चढ-उतारांच्या क्रॉस-कंट्री शर्यतींत आजही क्लिपलेसचेच राज्य आहे.

सपाट पेडलांचे दुखणे नडगीला ठाऊक असते. एका ओहोळात दगड फिरला, पाय सुटला आणि पेडल गरकन फिरून खुंट्यांच्या रांगेने नडगीवर उमटले: सारख्या अंतरावर चार लाल ठिपके, त्यांतून हळूहळू वर आलेले रक्त आणि मोज्याच्या कडेशी थांबलेला एक ओघळ. त्याच पेडलाची एक खुंटी बेसॉल्टवर घासून बोथट झाली होती. चांगल्या पेडलांच्या खुंट्या बदलता येतात, आणि विकत घेताना हे आवर्जून तपासावे.

परतीच्या वाटेवर म्हसावदच्या अलीकडे आम्ही डांबर सोडून शिवाररस्त्याने निघालो. आदल्या संध्याकाळी पाऊस झाला होता, आणि तापीखोऱ्यातली काळी माती ओली झाली म्हणजे काय होते हे खान्देशी माणसाला सांगायला नको. चाके फ्रेममध्ये अडकून बसली आणि दोघांनाही उतरावे लागले. त्यानंतर मावसभावाची क्लीट पेडलात बसेना. त्याने बूट काढून उलटा धरला तर क्लीटभोवतीची खाच काठोकाठ भरून तळाशी एकजीव झालेली. स्क्रूची भोकेसुद्धा दिसत नव्हती. बाभळीच्या काटकीने तो कडेकडेने माती उकरू लागला, गाराचा एक चिकट तुकडा निघे आणि त्याच्या जागी बोटाला लागलेला दुसरा बसे. बांधावरून एक शेतकरी बाबा हे बघत होते. "काय व्हयनं भाऊ? पाय अटकना का?" त्यांनी विचारले. "अटकत नाही, बाबा, तीच तर पंचाईत आहे," मावसभाऊ म्हणाला, आणि बाबांनी कमंडलूएवढ्या लोट्यातले पाणी त्या खाचेत ओतले.

माझ्या सपाट पेडलांनाही माती लागली होती आणि बूट खुंट्यांवरून घसरत होते, हे नाकारणार नाही. पण पेडलावर बूट दोन-तीनदा आपटला की माती झडून खुंट्या उघड्या पडत. ज्यांना पावसाळ्यात क्लिपलेसच वापरायचे आहे त्यांनी क्रँकब्रदर्सच्या एगबीटरसारख्या उघड्या सांगाड्याच्या पेडलांचा विचार करावा. त्यांना पाट नसतो, माती आरपार निघून जाते आणि चारही बाजूंनी क्लीट अडकते. एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला पकड असलेली पेडले मला मध्यममार्ग म्हणून पसंत नाहीत, कारण गरज असते तेव्हा नको ती बाजू वर येते. डांबरी रस्त्याने गावात ये-जा करण्यापुरती ती ठीक आहेत.

धुळ्याजवळच्या लळिंगच्या कोरड्या माळावर मी सपाटच लावीन. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढायचा असेल तर क्लिपलेस. तोरणमाळला, जीप सोबत नसेल आणि एकच जोडी न्यायची असेल, तर सपाट. घाटात थोडे अधिक दमावे लागेल, पण पठारावरच्या पायवाटा आणि खालची शिवारे यांचा हिशेब त्याहून मोठा आहे. पैसे मर्यादित असतील तर ते आधी बुटांवर घालावेत. कडक, गुळगुळीत तळाचे धावण्याचे बूट घालून महागातले सपाट पेडल वापरणाऱ्याला पकड मिळत नाही, आणि साध्या नायलॉनच्या पेडलावरही मऊ रबराच्या सपाट तळाचा बूट उत्तम चिकटतो. मावसभावाने क्लिपलेस सोडलेले नाहीत. त्याने ५६ क्रमांकाच्या क्लीट मागवल्या आहेत आणि बॅगेत जुना टूथब्रश ठेवायला सुरुवात केली आहे.