सड्यावरच्या चौकटी: मृगापासून श्रावणापर्यंत

रत्नागिरी-राजापूर पट्ट्यातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या कातळाच्या सपाट माळांवर, वनस्पतींच्या नोंदी ठेवणाऱ्या मुलामुलींसाठी यंदाची ही प्रगती. फुलांचे फोटो भरपूर जमतात. पण पुढच्या पावसात नेमका तोच एक मीटर कातळ सापडला, तरच त्या नोंदीतून काही कळतं. म्हणून आधी कातळावर ठेवून आतली झाडं मोजायची चौरस चौकट आणि ती जागा पुन्हा सापडण्याच्या खुणा.

चौकटीला अर्धा इंची पीव्हीसी पाइपचे चार तुकडे आणि चार एल्बो लागतात. आतली बाजू 100 सेंमी ठेवा आणि दोन्ही कर्ण मोजा. ते 141 सेंमीच्या आसपास, पण एकसारखे यायला हवेत, नाहीतर चौकट तिरकी आहे. दर 10 सेंमीवर आडवा-उभा तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) ओवला की 100 घरं होतात, एक घर म्हणजे एक टक्का. सुतळी नको, ती भिजली की आखडते, वाळली की सैल पडते. पाइपला मध्येमध्ये 4 मिमीची भोकं पाडा. आत हवा राहिली तर डबक्यात चौकट तरंगते आणि घरं सरकतात.

जागा धरणं हे खरं अवघड काम. रंगाची खूण पावसात शेवाळाखाली जाते, दगडांची रास गुरं पाडतात आणि मोबाइलचं जीपीएस काही मीटर चुकतं. होकायंत्रावरही विसंबू नका. देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पापाशी सुई भलतीकडे वळते हे सर्वांना माहीत आहे, आणि जांभ्यात लोह असतंच. त्यापेक्षा कोळी समुद्रातली जागा धरतात तसं करा: गडग्याचा (दगडी कुंपणाचा) कोपरा आणि त्यामागचा माड एका रेषेत, दुसऱ्या दिशेला तशीच आणखी एक जोडी. दोन्ही रेषांचे फोटो वहीला जोडा.

मृगात डिपकॅडी कोंकनेन्स पाहून झाली. कोकणच्या सड्यांवरची ही कंदवर्गीय वनस्पती पांढऱ्या फुलांवरच ओळखता येते, कारण पानं गवतासारखी असतात. फुलं सरली की मोजणी कच्ची राहते.

आता श्रावणात ओल्या, उथळ मातीत सीतेची आसवं आणि गेंद ही इवली फुलझाडं दाटलीत. देठ मोजत बसू नका, व्यापलेली घरं मोजा. गेंदाच्या जाती नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या करता येत नाहीत. वहीत ‘गेंद’ एवढंच लिहिणं जास्त प्रामाणिक. दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती मात्र भिंगातून जरूर पाहा: तांबूस केसाच्या टोकाला चिकट थेंब आणि त्यात पाय हलवणारं चिलट. या मातीत नत्र कमी, ते असं कीटकांतून भरून निघतं. सीतेच्या आसवांचे सूक्ष्म जीव पकडणारे फुगे मातीत दडलेले असतात, ते पाहायला रोप उपटू नका. पायही उघड्या कातळावरच ठेवा.

मातीची खोली सायकलच्या चाकाच्या तारेने चार कोपऱ्यांत आणि मध्ये मोजा. आधीच्या सात दिवसांतला पाऊस लिहायलाच हवा. दोन-तीन बोटं मातीला चार दिवसांची उघडीपही सुकवते, आणि मग गेल्या वर्षीच्या त्याच तारखेशी केलेली तुलना फसते.

भाद्रपदात कवल्याची पिवळी फुलं मोजायची आहेत. बरेच सडे खासगी मालकीचे आहेत, त्यामुळे गवत कधी कापणार हे मालकांना आत्ताच विचारून ठेवा आणि मोजणी त्याआधी उरका.