पुरुषांचा मेनोपॉज, दोन ब्लड टेस्ट आणि चिनी औषधं : माझा अनुभव

मी ४९ वर्षांचा. साधारण वर्षभर रोज रात्री दीड-दोनला जाग यायची, मान आणि छाती घामाने भिजलेली, तळपाय इतके गरम की पांघरुणाबाहेर काढून ठेवायचो. दिवसा अंगात त्राण नाही, बारीकसारीक गोष्टींवरून चिडचिड, आणि बायकोजवळ जायची इच्छाच संपलेली. ती म्हणाली, "हे वयाचं नाही, तुम्ही दाखवून या." तिने तसं म्हटलं नसतं तर मी अजून वर्षभर काढलं असतं.

आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हॉर्मोन, सकाळीच तपासायचं असतं कारण तेव्हा ते सगळ्यात जास्त असतं, आणि एका रिपोर्टवर काही ठरवत नाहीत. पहिला आकडा २९० आला, दोन आठवड्यांनी ३४५. दोन वेगवेगळ्या सकाळी ३०० च्या खाली आलं तरच कमी धरतात, म्हणून हॉर्मोनचं इंजेक्शन नको म्हणाले. थायरॉइड, शुगर, प्रोलॅक्टिन हे हॉर्मोन, प्रोस्टेटची पीएसए टेस्ट, सगळं नॉर्मल. त्यांनी हेही सांगितलं की पुरुषांना बायकांसारखा मेनोपॉज येत नाही, चाळिशीच्या आसपासपासून टेस्टोस्टेरॉन वर्षाला साधारण एक टक्का उतरत जातं, एकदम थांबत नाही. पटलं, पण रात्रीचा घाम काही थांबला नाही.

मग एका मित्राने चिनी वैद्यक शिकलेल्या डॉक्टरबाईंचं नाव सुचवलं. बाईंसमोर हे कसं बोलायचं म्हणून मी अवघडलो होतो, पण त्यांनी तासभर इतकं शांतपणे विचारलं, घाम कुठे येतो, लघवीला किती वेळा उठता, कानात आवाज येतो का, पाय गार असतात की गरम, की मी आपोआप सगळं सांगून टाकलं. जीभ बघितली, लाल आणि जवळजवळ थर नसलेली. मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी. म्हणाल्या, "तुमच्या किडनीचं यिन कमी झालंय." मी घाबरलोच! मग त्यांनी समजावलं की ही रिपोर्टमधली किडनी नाही, त्यांच्याकडे शेन म्हणजे जन्मापासूनची मूळ शक्ती, जिंग, साठवणारी जागा. त्यांच्या 'हुआंगदी नेइजिंग' या दोन हजार वर्षांच्या आसपास जुन्या ग्रंथात पुरुषाचं आयुष्य आठ-आठ वर्षांनी मोजलंय, ४० ला शेन उतरायला लागतं, ४८ ला चेहरा सुकतो, केस पिकतात. कुणीतरी इतक्या जुन्या काळी पुरुषाच्या या वयाकडे नीट बघितलं होतं हे ऐकून मला फार बरं वाटलं, खरंच. यिन कमी म्हणजे शरीराला गार ठेवणारा ओलावा कमी, म्हणून रात्री उष्णता वर येते. ज्यांचं यांग, म्हणजे शरीराला ऊब देणारी शक्ती, कमी असतं त्यांचं उलट, कंबर-पाय गार, रात्री लघवीला सारखं उठणं, त्यांना औषध वेगळं. म्हणूनच दुकानातून 'मर्दानी ताकदीच्या' गोळ्या स्वतःच्या मनाने आणून खाऊ नका, माझ्यासारख्याला गरम औषध दिलं असतं तर घाम वाढला असता असं त्या म्हणाल्या.

मला 'झी बाई दी हुआंग वान' दिलं, म्हणजे सहा औषधांचा जुना 'लिऊ वेई' फॉर्म्युला अधिक दोन उष्णता उतरवणारी. मी बीपीची गोळी घेतो म्हणून यादी आधी माझ्या डॉक्टरांना दाखवायला लावली, हे मला आवडलं. पहिला आठवडा पोट एकदम जड, मग जेवणानंतर घ्यायला लागलो तेव्हा बसलं. आठवड्यातून एकदा ॲक्युपंक्चरच्या सुया, घोट्याच्या आतल्या बाजूला, बेंबीखाली, पायाच्या अंगठ्याजवळ. टोचल्यासारखं कमी, आतून जड झिणझिणी जास्त. शिवाय अकराच्या आत झोप आणि रात्रीची दारू बंद, यावर मात्र त्या अडूनच बसल्या.

तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा सलग पाच तास झोपलो. आता अडीच महिने झाले, घाम आठवड्यात एखाद-दुसऱ्या रात्री येतो, चिडचिड बरीच कमी, आणि बायकोशी जवळीक हळूहळू परत येतेय. औषधाने झालं, सुयांनी की दारू सुटल्याने, मला वेगळं काढून सांगता येणार नाही. परवा परत टेस्ट केली तर ३५०, म्हणजे आकडा जवळजवळ तिथेच. डॉक्टर म्हणाले सहा महिन्यांनी पुन्हा बघू, सकाळी आठच्या आत या.