कोरड्या काचेवर वायपर

29 एप्रिल 2025, मंगळवार. रात्रीचे अकरा, गच्चीवर.

आज मी नऊ वेळा वायपर चालवला. हिशेब आप्पांचा. डांबर चपलेला चिकटेल असं ऊन, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि मी प्रत्येक वळणावर कोरड्या काचेवरून खर्र खर्र धूळ ओढतेय. टपरीवर बसलेल्या एका बाबांनी शेवटी विचारलंच, "पानी उना का वं माय?"

जर्मनीतल्या गाडीत इंडिकेटरची दांडी डाव्या हाताला, इथे उजव्या, आणि डाव्या हाताला वायपरची. चार वर्षांपूर्वी तिकडे हेच उलटं झालं होतं. गिअरसाठी डावा हात जायचा आणि दारावर आपटायचा. आता उजवा आपटतो. डोक्याला कळून काही उपयोग नसतो, हाताला कळावं लागतं.

श्टुटगार्टला गेले तेव्हा रस्त्याच्या उजवीकडून चालवायचं याचाच धसका होता. ते आठवड्यात जमलं. पुढची गाडी धरायची आणि मेंढरासारखं मागे जायचं. खरी कटकट लायसनची. आपलं लायसन तिथे राहायला गेल्यापासून सहा महिनेच चालतं. मग लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. शिवाय डोळे तपासा, प्रथमोपचाराचा वर्ग करा. लेखीला 30 प्रश्न. जर्मन जमत नसेल तर आणखी 12 भाषा आहेत. तुर्की आहे, अरबी आहे, आपल्या देशातली मात्र इंग्रजी धरली तरच. इंग्रजीत दिली, पास झाले. रस्त्यावरच्या परीक्षेत सहाव्या मिनिटाला नापास.

हे घरी कुणाला सांगितलं नव्हतं. बारावीला असताना ज्या आप्पांनी मला शेताच्या बांधावर ट्रॅक्टर चालवायला शिकवलं, त्यांना काय सांगणार की परीक्षेत सायकलवरच्या आजीबाईमुळे नापास झाले? आज चोपड्याला जाताना सांगून टाकलं.

साधी वस्ती, 30 च्या वेगाचा भाग, पाटी नाही, सिग्नल नाही. अशा चौकात तिकडे उजवीकडून येणाऱ्याचा मान पहिला. मग तो गल्लीतून येवो की बोळातून, मोटारीत असो की सायकलवर. मला पाठ होतं, लेखीत बरोबरही आलं होतं. पण उजवीकडच्या बोळातून त्या बाई आल्या तेव्हा डोक्यात आपला अमळनेरचा कायदा चालू झाला: मी मोठ्या रस्त्यावर, त्या गल्लीतल्या, थांबतील. त्या थांबल्या नाहीत, कारण थांबायचं मला होतं. शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्याने त्याच्या बाजूचा ब्रेक दाबला. त्याला ब्रेक दाबावा लागला की परीक्षा तिथेच संपते. आजीबाई मान ताठ ठेवून निघून गेल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

गंमत पुढे आहे. आपल्याकडे 2017 पर्यंत लागू असलेल्या 1989 च्या रस्तेनियमांतही हेच लिहिलेलं होतं: मुख्य रस्ता नसेल तर चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं. मी नापास झाल्यावर रागारागाने शोधून वाचलं. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "मग आम्हाला कुणी सांगितलं नाही ते?" चाळीस वर्षं गाडी चालवणारा माणूस!

पंधरा दिवसांनी पास झाले. तरी खूप दिवस एक गोष्ट अंगवळणी पडत नव्हती: आपला हक्क असेल तेव्हा न कचरता जाणं. मी आपली प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत थांबायचे. एकदा दोन्हीकडे गाड्या लावलेल्या अरुंद रस्त्यावर समोरच्याने डिपर मारला. म्हटलं याला घाई आहे, येऊ दे. उभी राहिले. त्याने पुन्हा मारला. मी आणखी कडेला दबले. शेवटी त्याने काच खाली करून हाताने बोलावलं, तेव्हा समजलं की तो 'या तुम्ही' म्हणत होता. तिथल्या नियमात डिपरचा हा अर्थ नाही. ओव्हरटेक करताना नाहीतर धोका सांगायला तो वापरायचा. बाकीचं लोकांनी आपसात ठरवलेलं. मलाही सवय लागली, आवडलंही. कुणीतरी आपल्याला दिव्याने 'या' म्हणतंय.

आणि आज चोपड्याहून परत येताना, तापीच्या पुलाच्या अलीकडे, कडब्याची ट्रॉली अर्धा रस्ता अडवून उभी. समोरून केळीचा ट्रक. त्याने लांबून दोनदा डिपर मारला. मी हात वर करून आभार मानले आणि गाडी पुढे काढली.

"थांब! तो तुले थांब सांगी ऱ्हायना!"

आप्पा मराठी सोडून अहिराणीत ओरडले म्हणजे काम गंभीर. ब्रेक मारला. ट्रक हॉर्न देत कानाजवळून गेला, केळीच्या सुकलेल्या पाल्याचा वास गाडीत ठेवून. मागे धप्प झालं. उद्याच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांसाठी घेतलेली नवी घागर सीटवरून पडली होती. तिच्यावर ठेवायचं डांगर, म्हणजे खरबूज, आप्पांच्या सीटखाली येऊन थांबलं होतं. घागरीला मात्र गळ्यापासून बुडापर्यंत चीर.

पाच मिनिटं आम्ही तिथेच बाभळीखाली उभे. आप्पा एवढंच म्हणाले, "तू हॉर्न का मारत नाही? समोरच्याला कसं कळेल तू आहेस म्हणून?" मी म्हटलं, दिसते की मी. एवढी पांढरी गाडी आहे. ते म्हणाले, "दिसणं वेगळं."

याच्यावर काय बोलणार? तिकडे गावात हॉर्न धोका असेल तरच वाजवायचा. चार वर्षांत मी दोनदा वाजवला असेल, त्यातला एकदा चुकून. इथे हॉर्न म्हणजे रामराम. तो न घालता जाणारी पोरगी आप्पांना शिष्ट वाटत असणार.

पुन्हा मागे फिरलो. कुंभारीण ओळखून हसली, भाव मात्र तोच लावला. गाडी काढताना मी सवयीने मान वळवून खांद्यावरून मागे बघितलं. तिकडे हे केलं नाही तर परीक्षक चूक टिपतो. आप्पांनी विचारलं, "मांगे कोन ऱ्हायनं?"

"कोणी नाही."

"मायले घागरीचं सांगू नको," म्हणाले. दुसरी घागर त्यांनी सीटवर ठेवलीच नाही. मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी गळा धरून. मला वाटलं आता किल्ली मागतील. माझीही द्यायची तयारी होती.

"तू हाक," म्हणाले. "डिपर मी देखस."