मोजमाप रुग्णाच्याच बोटांचे
कॅलिफोर्नियातील अ‍ॅक्युपंक्चरच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आज शरीरावर सुई टोचण्याचे बिंदू शोधण्याचा सराव झाला. गुडघ्याच्या वाटीखालच्या बाहेरील खळग्यापासून रुग्णाची चार बोटे जोडून होईल तेवढे खाली आणि नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर गेले की ‘झूसानली’ नावाचा बिंदू सापडतो. मोजमाप रुग्णाच्याच बोटांचे असल्याने उंच-ठेंगण्यांसाठी वेगळे कोष्टक लागत नाही. असे एकूण ३६१ बिंदू आहेत. परवान्यासाठी राज्याने किमान ३,००० तासांचे प्रशिक्षण ठरवले असून त्यांपैकी ९५० तास प्रत्यक्ष चिकित्सालयातले आहेत. मला ती अट जाचक वाटत नाही, कारण छातीवरची सुई अधिक खोल गेल्यास फुप्फुसाला छिद्र पडू शकते. (शरीररचनाशास्त्राला कंटाळणाऱ्या सहाध्यायांनी हे ध्यानात घ्यावे.) सुया टोचण्याचा सराव आम्ही आधी एकमेकांवरच करणार आहोत.