पोच घेतली का?

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला शिष्यवृत्तीचा अर्ज मंजूर झाला, पण पैसे काही येईनात. मंजुरीपर्यंत सगळं सुरळीत झालं होतं. घोडं अडलं ते बँकेत. तिथं माझे तीन महिने गेले आणि अजूनही आठवलं की डोकं तापतं.

कॉलेज परभणीला, खातं जिंतूरला. पहिल्यांदा गेलो तर काउंटरवरचे साहेब मान वर न करता म्हणाले, "आधार लिंक आहे." महिनाभर थांबलो. दुसऱ्यांदा गेलो, तेच उत्तर. मग रूमवरच्या सिनियर दादानं आधारच्या साइटवर बँक सीडिंग, म्हणजे आधारवरचे पैसे कोणत्या खात्यात जाणार याची नोंद, कसं बघायचं ते शिकवलं. तिथं माझं खातंच नव्हतं! केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवायला, आधार खात्याला जोडणं वेगळं आणि सरकारी पैशांसाठी एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार सांभाळणाऱ्या संस्थेकडे त्या खात्याची नोंद होणं वेगळं, हे तेव्हा कळलं. आधारवरून येणारे पैसे नोंद असलेल्या त्या एकाच खात्यात पडतात. एवढं काउंटरवर सांगायला किती वेळ लागला असता?

तिसऱ्या खेपेला सीडिंगचा फॉर्म भरून दिला. संध्याकाळी अण्णांना फोन केला, तर त्यांनी एवढंच विचारलं, "पोच घेतली का?"

घेतली नव्हती. तीन आठवड्यांनी गेलो तेव्हा उत्तर मिळालं, "असा फॉर्म आलाच नाही." केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल बुडवून गेलो होतो. एसटीत खिडकीला डोकं टेकवून अक्षरशः रडलो.

त्या रात्री एक छोटी वही घेतली. पुढच्या खेपेला फॉर्मच्या दोन प्रती नेल्या आणि एकीवर शिक्का मागितला. "शिक्का लागत नाही," म्हणाले. मी म्हणालो, "साहेब, मला लागतो." अर्धा तास तिथून हललो नाही. शेवटी शिक्का, तारीख, सही, तिन्ही मिळालं. वहीत लिहिलं: कधी गेलो, कोणत्या काउंटरला, काय म्हणाले, परत कधी बोलावलं. आठ दिवसांत काहीच हललं नाही, तेव्हा वही आणि पोच घेऊन थेट मॅनेजर मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी पान वाचलं, शिक्क्यावरची तारीख बघितली आणि माझ्यासमोरच संबंधित माणसाला बोलावलं. चार दिवसांत साइटवर खात्यापुढं 'ॲक्टिव्ह' आलं. पुढं पैसे जमा झाले, त्यातून आधी मेसची थकबाकी भरली.

हो, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते. मी एकदा बंद शटर बघून परत आलोय. आणि उत्पन्नाचा दाखला एक वर्षाचा असेल तर त्याची मुदत ३१ मार्चला संपते, तेही बघून ठेवा.

वही मात्र सुटली नाही. झोपण्याआधी पाच मिनिटं दिवसभराची हजेरी त्यात मांडतो. ती मोजली म्हणून वेळेत कळलं की या खेपांपायी फिजिक्सची हजेरी ६८ टक्क्यांवर आली आहे, लागतात ७५. मग एकही तास चुकवला नाही, पहाटे पाचला उठून राहिलेलं जर्नल पूर्ण केलं आणि परीक्षेला बसलो.

तुमचे पैसे अडकले असतील तर गाडीभाडं घालण्याआधी मोबाइलवर सीडिंग बघा. आणि फॉर्मच्या दोन प्रती न्या.