मापाची वही

चिपळूणमध्ये जून म्हणजे आम्हा शिवणाऱ्या बायकांची दिवाळी. पंधरा तारखेच्या आसपास शाळा उघडतात आणि त्याआधी प्रत्येकाला गणवेश आजच्या आज हवा असतो. त्यात आमच्याकडचा पाऊस. वाळत काहीच नाही, म्हणून पोरामागे दोन जोड तरी लागतातच. या गर्दीत माझ्या दोघांचा नंबर सगळ्यात शेवटी, शाळेच्या आदल्या रात्री. गिऱ्हाइकाचं पोर रडलं तर गिऱ्हाईक जातं, घरचं रडलं तर त्याला गप्प बसवता येतं.

माप मात्र मी मे महिन्यातच घ्यायचे. थोरली टेप गळ्यात घालून घरभर पळायची. धाकट्याच्या काखेतून टेप गेली की त्याला गुदगुल्या व्हायच्या, मग पुन्हा पहिल्यापासून. "ताठ उभा राहा. पोट आत घेऊ नकोस. श्वास सोड." एरवी हाताला न लागणारी पोरं तेवढा वेळ माझ्या दोन हातांच्या मध्ये उभी असायची. गिऱ्हाइकांच्या वहीतच शेवटचं पान या दोघांचं होतं. खांदा, छाती, कंबर, उंची, आणि समोर साल.

वाढत्या अंगाचं शिवायचं तर माया ठेवावी लागते. बाजूच्या शिवणीत इंचभर, स्कर्टला खाली चार बोटं दुमड. पुढच्या जूनला उसवून खाली सोडायची, की झाली वर्षाची सोय. फक्त एक होतं. दुमडीच्या आतलं कापड विटलेलं नसतं, त्यामुळे खाली गडद पट्टा दिसतो आणि जुन्या काठाची रेघ काही केल्या जात नाही. कितीही इस्त्री मारा. पाचवीत गेल्यावर थोरलीला ती रेघ खुपायला लागली. "सगळ्यांना कळतं गं, मागच्या वर्षीचा आहे ते." मी म्हटलं, कळू दे की, तू वाढलीस एवढंच कळतंय. तिला ते पटणं शक्यच नव्हतं. शेवटी रेघेवर निळी फीत बसवून दिली, तेव्हा रुसवा गेला. खरं सांगू? ती रेघ मला फार आवडायची. वर्षभरात पोरगी कुठून कुठे गेली ते कापडावर दिसायचं. पण फितीचे टाके घालताना हे कुणाला सांगणार?

मग २०२० आलं. त्या जूनमध्ये गणवेश शिवलेच नाहीत, मास्क शिवले. मोबाइलच्या शाळेला वरून शर्ट पुरत होता, खाली घरची चड्डी. माप घ्यायचं काही कारणच उरलं नाही. दोघं त्या काळात कधी वाढली, कुणी नोंद केली नाही.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, ते माझ्या दुकानात छताला लागलं. मशीन रॉकेलने धुतलं, तेल पाजलं, आठवडाभर खटपट केली आणि ते चाललं. जुनी मशीनं चिवट असतात. वह्यांची मात्र चिखलात वीट झाली. पान सुटं करायला गेले की हातात लगदा. गिऱ्हाइकांची मापं पुन्हा घेता आली, त्यांची पोरं समोर होती. बालवाडीतल्या मुलीचा खांदा मी परत कुठून मोजणार होते?

ऑक्टोबरमध्ये थोरलीची नववीची शाळा उघडली. जुना गणवेश अंगात जाण्याचा प्रश्नच नव्हता. मी नवीन वही काढली, टेप घेतली, तर तिने ती माझ्या हातातून काढून घेतली. "मी सांगते. तू लिही." आणि पाठ फिरवली.

दुकानात असल्या मुली मी नेहमी बघते. आई शेजारी उभी राहून मोठ्याने आकडे वाचते, मुलगी लाजेने अर्धी होते. त्या आयांना मीच सांगते, वहिनी, तुम्ही जरा बाहेर बसा, तिच्या हातात टेप द्या. आता माझ्याच लेकीने दोन पावलं लांब जाऊन टेप धरली, तर मला असं काय लागावं? पण लागलं. आणि त्याच वेळी बरंही वाटलं, कारण मला त्या वयात असं म्हणायचं धाडस नव्हतं. तिने छातीचा आकडा इंचभर कमी सांगितला. मी तोच लिहिला आणि माझ्या नजरेच्या मापाने शिवला. घालून म्हणाली, "बघ, बरोबर माप सांगितलं ना मी?"

धाकटा अजून उभा राहतो. यंदा दहावीला आहे. माझ्यापेक्षा उंच झालाय, खांद्याचं माप घ्यायला मला पाटावर चढावं लागतं. त्याला पँट पायाला घट्ट हवी, शाळेला सैल. मी दोघांच्या मधली शिवते आणि दोघांचीही बोलणी खाते.

थोरली आता पुण्याला आहे, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. कपडे मोबाइलवरून मागवते. साइज एम. एम म्हणजे काय, कुणाचं माप? २०२४ साली सरकारी शाळांच्या गणवेशाचं कापड बचत गटांकडे कापूनच शिवायला आलं होतं, ते इयत्तेच्या हिशेबाने. मी हात लावला नाही. पाचवीतल्या दोन मुलींचे खांदे कधी सारखे असतात का?

तर मागच्या महिन्यात तिचा फोन. कॉलेजात ट्रॅडिशनल डे, आजीची नारायणपेठी नेसायची आहे, ब्लाउज शिवून पाठव. मी म्हटलं, येऊन माप दे. सुट्टी नाही म्हणाली. रूमवरच्या मैत्रिणीने माप घेऊन व्हॉट्सअॅपवर पाठवलं. खांदा १७ इंच! एवढा तर तिच्या बापाचा आहे. ते माप बाजूला ठेवलं, बारावीच्या निरोप समारंभाला शिवलेल्या ब्लाउजचं माप धरलं, दोन्ही बाजूंना माया सोडली आणि पुण्याला निघालेल्या शेजाऱ्यांकडे दिला.

फोटो आला. छान दिसत होती. मी फोटो मोठा करून बघितला, तर काखेखाली सेफ्टी पिन.

लगेच फोन लावला. "सैल झालाय. जेवत नाहीस तू."

"जेवते गं. मेसची भाजी बघितलीस तर तूही जेवणार नाहीस."

"दिवाळीत आण तो. आत घेते."

"नको आई, राहू दे. घरी आले की तू एवढं खायला घालतेस, दिवाळीनंतर तोच घट्ट होईल."